इंजनाचा तिसरा पाय

कारभारी, तुमी गेलात आन् अप्पासायबाच्या मोटारीचं इंजन दोन पायांवरच राहिलं. तिसरा पाय ऐरणीपाशी अर्धा वाकवून टाकलाय. पुढं तो कोणीकडं वाकवणार होतात ते सांगून गेला न्हाईत. सांगितलं असतं तर मी निदान हुज्जत तरी घातली असती. हुज्जतीला मी कवा कमी पडलेय?

लोक भेटायला येतात. बसतात, डोळ्याला पदर लावतात, तुमच्या चांगुलपणाचं सांगतात. "लई शांत माणूस होता," म्हणतात. शांत? त्यांनी एकदा ऐरणीपल्याड घण घेऊन उभं राहायचं होतं, मंग कळली असती शांती. बांगड्या फोडायला बाया आल्या त्या मपल्या मनगटाकडं बघतच राहिल्या. घण मारणाऱ्या बाईच्या हातात काच टिकती का? तुमी घेऊन दिलेलं चांदीचं कडं तेवढं होतं. ते उतरवा म्हणल्या. मी म्हणलं, ते कामाचं हाय, राहू द्या.

तेराव्याचं जेवण झालं आन् बाबूभावजी हात धुऊन सरळ ऐरणीपाशी जाऊन उभे राहिले. तुमचा भाऊ हाय, मनानं वंगाळ न्हाई, पण डोकं तुमच्यासारखंच.

"वैनी, ऐरण मपल्या दारात नेतो," म्हणले. "बाईच्या दारात ठिवून काय करायची?"

"रोज करतो तेच करायचं."

"घण कुणीबी मारतंय, वैनी. सांडशी कोण धरणार?"

आता ह्याला काय बोलावं? ज्याच्या हातात सांडशी तो लोहार, बाकीचे मजूर, हे मलाबी ठावं हाय. तुमच्या हाताखाली घण मारण्यात मपली उमर गेली, पण सांडशी तुमी मला कवा धरू दिली न्हाई. त्येच्यावरून मी तुमाला कमी बोललेय का?

त्याच दिवशी अप्पासायब आले. देशमुखाचं हे लेकरू हैद्राबादला शिकायला गेलं आन् शिक्षणाऐवजी मोटारीचं याड घेऊन आलं, असं तुमी हसून सांगायचात. त्या दिशी ते खालमानेनं म्हणले, "बाई, मोटार बैलगाड्यावर घालून नगरला नेतो. तिथल्या कारखान्यात करून घेतो राहिलेलं काम." नगर इंग्रजी हद्दीत. मधी करोडगिरीचा, म्हंजे जकातीचा नाका, तिथले शिपाई एकेक खिळा उलटापालटा करून बघणार, आन् सगळ्या मुलखाला कळणार की पालीच्या लोहाराची भट्टी इजली. मोटार गेली की मागं ऐरण जाणार. ऐरण गेली की मी भावजीच्या वळचणीला बसून भाकरी खाणार. हे सगळं मला तितं उभ्या उभ्या दिसलं. म्हणलं, "मोटार हितंच राहील. पाय मी करते."

"बाई, सांडशी धरलीय का कवा?"

"तुमी मोटार चालवायच्या आदी मोटार चालवली होती का?"

भावजीकडं वळून मी म्हणलं, "भावजी, एक दिवस घण मारायला या. पाय न्हाई झाला तर ऐरण न्या. एका बाजूनं मीच उचलू लागते."

बोलले खरी. उचलली जीभ लावली टाळ्याला. सगळे गेल्यावर भट्टीपाशी बसून लई रडले, कारभारी. भ्यायले म्हून न्हाई. असं काही बोलून बसले की तुमी मान हलवायचात ना, ती मान हलवणारं कुणी नव्हतं म्हून.

लग्न होऊन आले तवा मी तुमच्याशी बोलायला लाजायचे. तुमी तर त्याहून. मंग ऐरणीवरच बोलणं सुरू झालं. तुमची हातोडी लोखंडावर पडली की तितं घण. दोनदा पडली की जोरात. नुस्त्या ऐरणीवर टिकटिक केली की थांब. तुमी तोंड उघडायच्या आत मला कळायचं कुठं मारायचं. सासूबाई म्हणायच्या, ह्या दोघांचं जमलंय की न्हाई कुणास ठाऊक, बोलतच न्हाईत. आमचं सकाळपासून बोलणंच चालू असायचं, त्यांना ऐकू येत नव्हतं तेवढंच.

आन् तापलेल्या लोखंडाचे रंग. ते तुमी शिकवलेत, त्याबद्दल मी तुमच्या पाया पडते. कुंकवासारखं लाल झालं की वाकवायचं. हळदीवर आलं की जोडायचं, त्याच्या म्होरं गेलं की जळालं. आता गावातल्या बायांनी मपलं हळदीकुंकू बंद केलंय. मपल्या भट्टीत दोन्ही रोज हायत, त्यांना काय सांगू?

त्या मोटारीचं काम घेतलंत तवाबी मी तुमाला बोलले होते. आठवतंय का? बैलगाड्यावर घालून आणली, तोंड लांबडं, टप न्हाई, बसायला दोघांचीच जागा. बिनपाण्याची पळवून अप्पासायबानं तिचं इंजन जाळलं होतं. मांजरसुंब्याच्या घाटात एक लॉरी उलथली होती, तिचं इंजन त्यांनी बैलं लावून आणलं. म्हणले, "मिस्त्री, हे इंजन ह्या मोटारीत बसवा. तालुकदारसायबाची मोटार मला घाटात मागं टाकायचीय." तुमी इंजनाकडं बघितलं न्हाई, मोटारीकडं बघितलं न्हाई. "होतंय की," म्हणलात.

होतंय की! ह्या दोन शब्दांनी तुमी मपला जेवढा जीव घेतला तेवढा कुण्या सासूनं सुनेचा घेतला नसंल.

चिंचेच्या फांदीला मोटेचं चाक बांधलं, नाड्याला भावजीचे बैल जुपले. बैल मागं सरले तसं इंजन खाली मोटारीत आलं. तवा कळलं की लॉरीच्या इंजनाचे कान, म्हंजे बोल्ट मारायला बाहेर काढलेली टोकं, एकीकडं आन् मोटारीच्या सांगाड्याची भोकं दुसरीकडं. इंजनाला चार कान, दोन मागं, दोन म्होरं. एकबी जागेवर येईना. मंग दरेक कानाखाली नवा पाय घडवायचा ठरलं. सांगाड्यापासून कानापर्यंत हातभर लांब, इंजनाचं सगळं वजन तोलणारा. आपण सुतळीला गाठी मारून मापं घेतली. तुमच्या गाठी आन् मपल्या गाठी जमंनात, त्यावरून दुपारची भाकरी तशीच राहिली. शेवटाला तिसऱ्यांदा माप घेतलं तर दोघांच्याबी गाठी चुकलेल्या.

मागचे दोन पाय तुमी झक्कास केलेत. लॉरीच्या मोडक्या कमानपाट्याचं लोखंड, अंगठ्याएवढं जाड. वाकण असं साफ की तेल लावून हात फिरवावा. मी घण मारलेत म्हून सांगत न्हाई. आजबी ते पाय बघितले की छाती भरून येती.

म्होरच्या कानाला मात्र तुमी गाड्याचं चाक समजलात. लोहाराचीच ती चूक, दुसऱ्या कुणाच्या डोक्यात आली नसती. आपण लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवतो ती लालभडक करून, आन् वरून पाणी ओतलं की आकसून चाकाला आवळती. तुमी म्हणलात, कानाभवती तसंच कडं चढवू, जन्मात ढिलं व्हायचं न्हाई. कडं लाल केलंत. कानावर बसवलंत. "वत पाणी," म्हणलात. मी वतलं.

टण् झालं. इतका साफ आवाज मी कवा ऐकला न्हाई. इंजनाचा कान मुळापासून तुटून कड्यासकट खाली पडला.

अप्पासायब गाड्याच्या जुवावर बसले ते उठंचनात. तुमी मला म्हणलात, "लई घाईनं पाणी वतलंस."

नाचता येईना अंगण वाकडं. मी तितंच सांगितलं होतं, आत्ताबी सांगते. चाक लाकडाचं असतं. कड्यानं आवळलं की ते दबतं, जळतं, पण जागा देतं. इंजनाचा कान ओतीव लोखंडाचा, त्यानं कुठं दबावं? पाणी मी सावकाश वतलं असतं तरी तुटला असता, सावकाश तुटला असता एवढंच. तुमी ऐकलं न्हाई. म्होरच्या धड कानाखाली तिसरा पाय दिलात आन् तुटल्या कानाला पट्टी जोडून चौथाबी उभा केलातच. इंजन सुरू झालं, सगळी पाली गोळा झाली. अप्पासायब मोटार घेऊन बिंदुसरा नदीच्या पाण्यात उतरले. एक चाक खड्ड्यात गेलं, सांगाडा पीळ खाल्ल्यासारखा वाकला, आन् पट्टीचा बोल्ट ताडकन उडाला. म्होरचे दोन्ही पाय वाकून कामातून गेले.

"बोल्ट खराब होता," तुमी म्हणलात.

"बोल्ट चांगला होता," मी म्हणलं. "पाय एक जास्त हाय."

तितून जे भांडण लागलं ते तुमी उठून गेलात तरी मिटलं न्हाई. भाकरी थापताना भांडण, भाता वढताना भांडण. तुमी म्हणायचात, बैलाला चार पाय, बाजेला चार पाय, चार पायांशिवाय वजन उभं राहतंय का? मी म्हणलं, आपल्या बाजेच्या एका पायाखाली खापराचा तुकडा कोण सारतंय? भुई वरखाली झाली की चार पायांतला एक अधांतरी राहतोच. चुलीला दगड तीन. भुई कशीबी असू द्या, भगुलं कवा डुगडुगलंय का?

"इंजन म्हंजे काय आमटीचं भगुलं हाय?"

"न्हाई. आमटी सांडली तर दुसरी करता येती."

"बाईमाणसाचं सगळं चुलीपाशीच जाऊन थांबतंय."

"चुलीपाशीच जेवता न्हवं?"

तुमाला हसू आलं होतं. तुमी तोंड फिरवलं, पण मला दिसलं.

मपलं म्हणणं एवढंच होतं. मागं दोन पाय हायत ते राहू द्या. म्होरं दोन्ही बाजूंचे कान सोडून द्या आन् इंजनाच्या नाकाखाली बरोबर मधी एक पाय द्या. सांगाडा कितीबी पिळला तरी इंजन त्या मधल्या पायावर डुलंल, तुटणार न्हाई. तुमी ना हो म्हणलात, ना न्हाई म्हणलात. दुसऱ्या दिशी मला न बोलवता पाट्याचं एक लोखंड तापवलंत, एकट्यानंच ठोकून एक टोक वाकवलंत, आन् ऐरणीपाशी टाकून दिलंत. डोकं दुखतंय म्हणलात. तितूनच ताप चढला.

तापात तुमी काय बोललात ते लोक इचारतात. लोकांना वाटतं मरणारं माणूस काहीतरी मोठं बोलून जातं. तुमी म्हणलात, "भाता थांबव, लई तापलंय." मी म्हणलं, थांबवलाय. भाता सकाळपासून बंदच होता, कारभारी. दुसरं काय सांगायला पायजे होतं ते मला त्या घडीला सुचलं न्हाई. सुचलं असतं तर सांगितलं असतं की तुमच्यासंग लई चांगलं गेलं. भांडणासकट.

आन् ते लोखंड. मी ते किती येळा उचलून बघितलं. एक टोक वाकवलंय, ते सांगाड्याला लागणारं. दुसरं टोक सरळ हाय. ते बाजूला वाकवलं तर म्होरच्या जोडीतला एक पाय, म्हंजे तुमचं खरं. मधी वाकवलं तर नाकाखालचा तिसरा पाय, म्हंजे मपलं खरं. लांबी दोन्हीलाबी पुरंल अशी कापून ठिवलीय. तुमी मपलं ऐकलं होतं का? का मुद्दाम मला झुलवत ठिवलं होतं? तुमच्या भावाला इचारलं तर ते म्हणतात, "दादाचं काय खरं न्हाई, त्येला सोताला ठावं नसंल." हेबी खरंच असंल.

ठरल्या दिशी भावजी आले. भाता अप्पासायबांनी वढला, बाकी कुणी माणूस मी बोलवलाच न्हाई. लोखंड कुंकवावर आलं. मी सांडशीत धरलं आन् ऐरणीवर ठिवलं. डाव्या हाताला त्या वजनाची सवय न्हाई, पकड ढिलीच राहिली. हातोडी टेकवली तितं सोडून भावजीनं आपल्या मनानं भलतीकडंच घण हाणला. लोखंड सांडशीतून निसटलं आन् त्यांच्या पायापाशी पडलं. भावजी उडी मारून मागं झाले. तोंडातून शिवी आली, मंग समोर वैनी हाय हे ध्यानात आलं आन् जीभ चावली.

"भावजी," मी म्हणलं, "हातोडी पडंल तितं. तुमच्या मनानं न्हाई."

"वैनी, बाईच्या हुकमानं..."

"हातोडीच्या हुकमानं. तुमचे दादा हातोडी चालवायचे तवा मी काय त्यांच्या पागोट्याकडं बघून मारत होते का?"

पुन्यांदा तापवलं. आता सांडशी अशी आवळली की बोटं पांढरी पडली. लोखंड ऐरणीच्या कडंवर घेतलं. बाजूला का मधी? एवढ्या भांडणाचा निकाल मी एकटीनंच लावायचा होता. तुमाला दोष देत न्हाई, पण त्या घडीला तुमचा लई राग आला. एवढं सांगून जायला काय जड होतं? मंग हातोडी मधल्या अंगाला टेकवली. भावजीनं तितंच घण मारला. परत टेकवली, परत तितंच. तुमच्या भावाच्या हाताला ताल हाय, कारभारी. कुणी शिकवलंच न्हाई त्यांना.

पाय घडला. तुमी वाकवलं तितलं वाकण आन् मपलं वाकण, आपल्या दोघांच्याच डोळ्याला फरक दिसंल. मपलं जरा आखूड हाय. जाऊ द्या, पहिलंच हाय.

भावजी म्हणले, "वैनी, गरम हाय तवरच इंजनाला बसवू. आवळून बसंल."

मी म्हणलं, "त्या वाटंनं तुमचे दादा गेलते, त्यात एक कान गेला. गार होऊ द्या." त्या तुटल्या कानाचं एवढं तरी सार्थक झालं. गार झाल्यावर कानस घासली, खाली लॉरीच्या जुन्या टायरचा तुकडा कापून दिला आन् मंग बोल्ट आवळला.

तुमचा रिवाज होता ना, ज्यानं गाड्याचं चाक केलं त्यानं पहिल्या खेपेला गाड्यात बसायचं. मोडलं तर आपल्यासकट मोडंल. अप्पासायब मोटारीत बसले तशी मीबी पदर खोचून शेजारी जाऊन बसले. गावात कुजबुज सुरू झाली. नवरा जाऊन महिना न्हाई झाला, आन् ही बया उघड्या मोटारीत, देशमुखाच्या पोराशेजारी. पोलीस पाटील म्हणले, "कावून बाई, शोभतंय का?" मी म्हणलं, "पाटील, पाय मी केलाय. मोडला तर रस्त्यात कोण उतरंल, तुमी?"

नदीच्या पाण्यात तोच खड्डा, तेच चाक. सांगाडा पिळला. मी डोळे मिटले न्हाईत, म्होरं इंजनावर नजर लावून बसले. इंजन तिसऱ्या पायावर जरासं डुललं आन् परत सरळ झालं. बोल्ट उडाला न्हाई, काही टणकलं न्हाई. घाटाला लागलो तवा वारं इतकं की पदर आवरंना. वळणावर वळण, इंजन आपल्या घणासारखं एका ताला‍त. मधी अप्पासायबांनी इचारलं, "बाई, थांबू का? भ्या वाटतंय का?" म्हणलं, "चालू द्या. उतारावरबी बघायचंय मला."

तालुकदाराच्या मोटारीला त्यांनी मागं टाकलं का न्हाई ते त्यांचं ते बघतील. ऐरण मपल्या दारात हाय. दुसऱ्या दिवशी भावजी सकाळीच नांगराचा फाळ घेऊन आले. "वैनी, तापवू का?" म्हणले. मी सांडशी उचलली.

त्या दिशी घाटाच्या माथ्यावर मोटार थांबली तवा मी खाली उतरून नाकाखालचा पाय हातानं चाचपून बघितला. पक्का होता. मी मागं वळून म्हणले, "बगा, तीनच पाय लागतात." मागं अप्पासायब होते. ते "हो बाई" म्हणले. लगीच, काही वाद न घालता. एवढ्या दिवसांचं भांडण मी जिंकले, कारभारी, आन् मला तितंच रस्त्यावर बसून रडू आलं. हरायला तुमी पायजे होतात.